चंद्रासाठी कोणतं रॉकेट? बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात आम्हा आकाशवेड्यांचा एक छोटा मराठी गट आहे. दुर्बीण लावलेली रात्र असो की दांडिया बाजारातलं रविवारचं व्याख्यान, चंद्राचा विषय निघाला की गाडी रॉकेटांवर येतेच. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे: कलाभवनातली इंजिनिअरिंगची मुलं, कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले काका, कमाटीबागेतल्या तारांगणातून नुकतीच बाहेर पडलेली चौथी-पाचवीतली पोरं. प्रश्न मात्र तेच ते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आकडे त्या त्या संस्थेने जाहीर केलेले, घटना २०२५ अखेरपर्यंतच्या. मतं माझी, पटली नाहीत तर भेटल्यावर भांडू.

बाकी सगळं राहू द्या, सगळ्यात मोठं रॉकेट कोणतं?

स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप. उंची १२० मीटरच्या वर, तळाला ३३ इंजिनं, उड्डाणाच्या क्षणी रेटा, म्हणजे वर ढकलणारा जोर, सुमारे ७,५०० टन. अपोलोच्या अंतराळवीरांना नेणारं सॅटर्न-५ हे ११० मीटर उंच होतं, त्याचा रेटा ३,४०० टनांच्या आसपास. नासाचं सध्याचं एसएलएस ९८ मीटर उंच आणि रेटा सुमारे ४,००० टन.

पण चंद्राच्या बाबतीत ही यादी जवळजवळ कुचकामी आहे. एका उड्डाणात चंद्राच्या दिशेने किती माल धाडता येतो, असं विचारलंत की क्रम पार उलटतो. सॅटर्न-५ सुमारे ४८ टन, एसएलएसची पहिली आवृत्ती २७ टन, आणि वाटेत इंधन भरलं नाही तर स्टारशिप जवळपास काहीच नाही. हे असं का, ते पुढच्या तीन उत्तरांत.

"कक्षेत १०० टन" असं लिहिलेलं असतं. म्हणजे चंद्रावर १०० टन जाणार ना?

नाही. घर बदलताना टेम्पोवाला सोसायटीच्या फाटकापर्यंतचं भाडं सांगतो; कपाट चौथ्या मजल्यावर चढवायचा हिशेब वेगळा. पृथ्वीजवळची खालची कक्षा म्हणजे ते फाटक. दोन-चारशे किलोमीटर उंचीवर सेकंदाला ७.८ किलोमीटर वेगाने फिरत राहायचं, एवढंच तिथे साधलेलं असतं. चंद्राकडे निघायला त्यावर आणखी सुमारे ३.१ किलोमीटरचा वेग चढवावा लागतो. तिथे पोचल्यावर चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी ०.९च्या आसपास वेग कमी करायचा आणि उतरण्यासाठी आणखी जवळजवळ दोन. चंद्रावर हवा नाही, म्हणून पॅराशूटही नाही. प्रत्येक ब्रेक इंधन जाळूनच लावायचा.

आता त्सिओल्कोव्स्कीचं समीकरण मांडा, म्हणजे वेग वाढवायला किती इंधन जाळावं लागतं त्याचा हिशेब. हायड्रोजनचं चांगलं इंजिन असलं, तरी कक्षेत नेलेल्या वजनातलं निम्मं केवळ चंद्राकडे ढकलण्यातच जळून जातं. मिथेनचं असेल तर ५७ टक्क्यांच्या आसपास. आणि जे उरतं, त्यात रिकामी टाकी आणि इंजिनही आलं. सॅटर्न-५ पृथ्वीच्या कक्षेत वरच्या टप्प्यासकट सुमारे १४० टन न्यायचं, त्यातले ४८ टन चंद्राकडे जायचे. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा, आणि तोही उत्तम आखलेल्या रॉकेटात. तेव्हा कोणी टनांचा आकडा फेकला की आधी विचारायचं, कुठपर्यंतचे टन? बातम्यांमधली निम्मी तुलना या एका प्रश्नाने गळून पडते.

एसएलएसचा रेटा सॅटर्न-५पेक्षा जास्त, मग माल कमी कसा?

माझा आवडता प्रश्न. तो बहुतेक कलाभवनवालेच विचारतात.

तो ४,००० टनांचा रेटा म्हणजे पहिल्या दोन मिनिटांचा मामला. त्यातला तीन चतुर्थांश बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर देतात, आणि दोन मिनिटांत ते संपून गळून पडतात. चंद्राकडे नेण्याचं खरं काम वरच्या टप्प्याचं. सॅटर्न-५चा तिसरा टप्पा शंभर टनांहून जास्त इंधन घेऊन चढायचा. अपोलो-११च्या वेळी उड्डाणानंतर पावणेतीन तासांनी तो दुसऱ्यांदा पेटला आणि जवळजवळ सहा मिनिटं जळत राहिला. तेवढ्यात यानाचा वेग सेकंदाला पावणेअकरा किलोमीटरच्या पुढे गेला.

एसएलएसच्या पहिल्या आवृत्तीला वरचा टप्पा मिळाला तो डेल्टा-४ या जुन्या रॉकेटावरून घेतलेला. इंजिन एकच, रेटा सुमारे अकरा टन, इंधन तीस टनांच्या आत. खालचं रॉकेट अवाढव्य आणि वरचा टप्पा उसना. आकडा २७वर अडकतो तो इथे.

याचे परिणाम पूर्ण मोहिमेवर होतात. अंतराळवीरांचं ओरायन यान एकटंच २६ टनांच्या आसपास भरतं, म्हणजे एसएलएसची ताकद तिथेच संपली. चंद्रावर उतरणारं यान दुसऱ्या रॉकेटाने आणावं लागतं. शिवाय ओरायनमधल्या इंधनात चंद्राच्या अगदी जवळच्या कक्षेत शिरून परत निघणं बसत नाही, म्हणून त्यासाठी लांबट, दूरवरची कक्षा निवडली गेली. अपोलोत यान आणि लँडर दोन्ही एकाच रॉकेटावर बसून गेले होते.

स्टारशिपला वाटेत इंधन का भरावं लागतं? आणि किती वेळा?

कारण पूर्ण जहाजच चंद्राकडे जायचं आहे. इतर रॉकेटं रिकामे टप्पे टाकत टाकत हलकी होतात. स्टारशिपचा वरचा टप्पा शंभर टनांहून जड आहे आणि तोच लँडर. कक्षेत पोचेपर्यंत त्याच्या टाक्या जवळपास रिकाम्या झालेल्या असतात. मग टँकर म्हणून दुसऱ्या स्टारशिप उडवायच्या, कक्षेतल्या साठवण-यानात इंधन गोळा करायचं आणि तिथून चंद्राच्या यानात भरून त्याला रवाना करायचं.

टँकर किती, यावर खडाजंगी आहे. स्पेसएक्सच्या प्रमुखांनी २०२१ मध्ये जास्तीत जास्त आठ पुरतील असं म्हटलं होतं. नासाच्या अधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये आकडा सतरा-अठराच्या घरात सांगितला. फरक का पडतो? कक्षेत इंधन पडून राहिलं की उन्हाने उकळून उडून जातं. टँकरांच्या फेऱ्यांमध्ये दिवस वाढले की नासाडी वाढते, आणि ती भरून काढायला आणखी टँकर लागतात.

मार्च २०२४च्या चाचणीत एकाच यानातल्या एका टाकीतून दुसऱ्या टाकीत द्रव हलवून पाहिला गेला. दोन यानं जोडून टनावारी इंधन देण्याचा प्रयोग मात्र २०२५ संपेपर्यंत झालेला नव्हता. माझ्या मते चंद्राची शर्यत ठरणार आहे ती याच कामावर. उंची, इंजिनांची संख्या, ज्वाळांचे व्हिडिओ, हे सगळं नंतर.

पण ते बूस्टर हवेत पकडतात ना? मग प्रश्न कुठे राहिला?

१३ ऑक्टोबर २०२४ला ते पहिल्यांदा जमलं: स्टारशिपचा ७० मीटर उंचीचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, उड्डाणानंतर सात मिनिटांत परत आला आणि मनोऱ्याच्या दोन हातांनी त्याला धरलं. बघताना आमच्या खोलीत कोणी खाली बसलेलं नव्हतं. डझनभर टँकर उडवायचे तर बूस्टर परत मिळणं अत्यावश्यकच आहे. पण बूस्टर परत येतो तो पृथ्वीवर. चंद्रापर्यंतच्या वजनाचा हिशेब त्याने सुटत नाही, टँकरची एक फेरी स्वस्त होते इतकंच.

कोयलीला हायड्रोजन आम्ही रोज वापरायचो. रॉकेटवाले त्याला एवढे का घाबरतात?

काका, तुमचा हायड्रोजन वायू होता. डिझेलमधलं गंधक काढायला कायमच्या जोडलेल्या पाइपांतून फिरायचा. रॉकेटातला हायड्रोजन उणे २५३ अंशांचा द्रव, आणि त्याचा पाइप असा जोडायचा की उड्डाणाच्या क्षणी आपोआप सुटला पाहिजे. घट्टही हवा आणि सुटताही हवा. त्यात हा सगळ्यात लहान रेणू, आणि एवढ्या थंडीत सील आकसतात. गळती तिथेच होते.

एसएलएसच्या पहिल्या उड्डाणाचं, आर्टेमिस-१चं, उदाहरण घ्या. ३ सप्टेंबर २०२२चं उड्डाण अशाच सुटणाऱ्या जोडातल्या गळतीमुळे रद्द झालं. नोव्हेंबरात ऐन रात्री पुन्हा गळती, या वेळी टाकी भरती ठेवणाऱ्या एका व्हॉल्व्हपाशी. भरलेल्या रॉकेटाजवळ एरवी कोणाला फिरकू देत नाहीत. पण तिघांचं खास पथक लाँचरच्या पायथ्याशी गेलं, व्हॉल्व्हचे नट आवळले आणि परत आलं. १६ नोव्हेंबरला तिथल्या पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी रॉकेट उडालं. अब्जावधी डॉलरचा खेळ, आणि शेवटी कामाला आला तो पाना.

तरीही वरच्या टप्प्यासाठी हायड्रोजनचा मोह सुटत नाही, कारण किलोमागे तो सगळ्यात जास्त काम देतो. अडचण आकारमानाची. एका घनमीटरमध्ये द्रव हायड्रोजन जेमतेम ७१ किलो मावतो, द्रव मिथेन ४२० किलोंच्या आसपास. म्हणून हायड्रोजनच्या टाक्या अशा फुगलेल्या दिसतात.

मग सगळे मिथेनकडे का वळले?

टाकी लहान होते, आणि उणे १६२ अंश तापमान द्रव ऑक्सिजनच्या उणे १८३ला जवळचं असल्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवणं सोपं जातं. केरोसिनसारखी काजळी धरत नाही, त्यामुळे तेच इंजिन पुन्हा वापरता येतं. स्वयंपाकघरात पाइपने येतो तो गॅसही मुख्यतः मिथेनच. स्टारशिप, ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू ग्लेन आणि आपल्या इस्रोचं पुढचं रॉकेट, तिघांनीही तोच निवडला आहे.

३३ इंजिनं म्हणजे ३३ ठिकाणी बिघडायची सोय नाही का? रशियाचं तसंच झालं ना?

सोव्हिएत चंद्र-रॉकेट एन-१ला पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं होती आणि १९६९ ते १९७२ दरम्यानची चारही उड्डाणं फसली, हे खरं. दुसरं तर ३ जुलै १९६९ला, अपोलो-११ निघायच्या तेरा दिवस आधी, परत पॅडवरच कोसळलं आणि पॅड उद्ध्वस्त झाला. पण दोष निव्वळ संख्येचा नव्हता. पूर्ण पहिला टप्पा जमिनीला बांधून पेटवून पाहण्याची सोयच उभारली गेली नाही. त्या इंजिनांचे काही व्हॉल्व्ह एकदाच चालणारे, त्यामुळे जे इंजिन उडणार ते आधी पेटवून बघता येत नसे. खेपेतली काही तपासायची आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

स्पेसएक्सचंच फाल्कन हेवी २०१८ पासून २७ इंजिनांवर सुखरूप उडतं आहे. आता प्रत्येक इंजिन आधी चालवून पाहतात, आणि एखादं बंद पडलं तर संगणक बाकीच्यांवर भार वाटून देतो.

सॅटर्न-५चे आराखडे नासाने हरवले म्हणे?

नाही, मायक्रोफिल्मवर आहेत. हरवले ते कारखाने, सुटे भाग बनवणारे पुरवठादार, आणि हातानेच बारीकसारीक बदल करणारे वेल्डर, ज्यांनी ते बदल कागदावर उतरवले नव्हते. २०१३ मध्ये नासाच्या तरुण इंजिनिअरांनी सॅटर्न-५च्या जुन्या एफ-१ इंजिनाचा गॅस जनरेटर उघडून, मोजून, पुन्हा पेटवून पाहिला. तोवर बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. तेच रॉकेट आज बांधायचं तर नवीन बांधण्याइतकाच खर्च येईल, वर १९६०च्या दशकातला संगणक मिळेल.

चीनचं काय चाललंय?

गाजावाजा कमी, काम पक्कं. लाँग मार्च-५ चंद्राकडे ८ टनांच्या आसपास नेतं. चांग-ई-५ या यानाने २०२० मध्ये आणि चांग-ई-६ने २०२४ मध्ये त्याच रॉकेटाने जाऊन माती आणली, दुसऱ्या खेपेला चंद्राच्या पलीकडच्या बाजूची.

माणसांसाठी लाँग मार्च-१० तयार होतंय. तीन खांब शेजारी, प्रत्येकात सात केरोसिन इंजिनं, चंद्राकडे २७ टन. आकडा एसएलएसइतकाच, पण योजना बघा. एका रॉकेटाने अंतराळवीरांचं मंगझोऊ यान, दुसऱ्याने लान्यू लँडर, आणि दोघांची गाठ चंद्राच्या कक्षेत. कक्षेत इंधन भरणं नाही, टँकरांची रांग नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या टप्प्याची सातही इंजिनं एकत्र पेटवून चाचणी झाली. लक्ष्य २०३०च्या आत माणूस उतरवण्याचं. मला या सगळ्यांत हाच आराखडा सर्वात कमी जोखमीचा वाटतो, जरी त्यातून चंद्रावर तळ उभारण्याजोगं मोठं सामान जाणार नाही.

फाल्कन हेवी तयार आहे, स्वस्त आहे. तेच का वापरत नाहीत?

वापरतात की, पण माणसांसाठी नाही. युरोपा क्लिपर हे सहा टनांचं यान गुरूच्या चंद्राकडे एसएलएसने न्यायचं असं अमेरिकी संसदेनेच ठरवलं होतं. शेवटी ते १४ ऑक्टोबर २०२४ला फाल्कन हेवीने गेलं, प्रक्षेपणाचा करार १७.८ कोटी डॉलरचा. किंमत वेळात मोजली गेली: एसएलएसने तीन वर्षांच्या आत पोचलं असतं, आता मंगळ आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची मदत घेत साडेपाच वर्षं लागणार.

ओरायनचं म्हणाल तर, ते फाल्कन हेवीवर बसवायचा विचार २०१९ मध्ये नासाने खरोखर केला होता. वरचा टप्पा, लाँच पॅड, अंतराळवीरांच्या सुरक्षेच्या चाचण्या, सगळंच बदलावं लागलं असतं. सोडून दिला.

न्यू ग्लेन या यादीत बसतं का?

काठावर. कक्षेत ४५ टन, सात मिथेन इंजिनं, माल झाकणारी सात मीटर रुंदीची नाकाडी. पहिलं उड्डाण १६ जानेवारी २०२५ला. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या उड्डाणात बूस्टर समुद्रातल्या जहाजावर उतरवला. त्याच कंपनीला, ब्लू ओरिजिनला, २०२३ मध्ये नासाने दुसऱ्या लँडरचं कंत्राट दिलं, ३४० कोटी डॉलरचं. त्यातही कक्षेत इंधन भरणं आहेच.

यांतलं स्वस्त कोणतं?

ज्याची अजून पूर्ण मोहीम झालेली नाही, ते नेहमीच स्वस्त असतं! खात्रीचा आकडा एसएलएसचा: नासाच्याच महालेखा निरीक्षकांनी २०२२ मध्ये पहिल्या चार मोहिमांसाठी एका उड्डाणाचा खर्च ओरायनसकट ४१० कोटी डॉलर सांगितला. त्या वेळच्या दराने तीस हजार कोटी रुपयांहून जास्त, आणि त्यात स्पेस शटलवरून काढलेली, पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगी चार इंजिनं दर वेळी समुद्रात बुडतात. हे मात्र मला कधीच पचलं नाही.

आणि आपण? एलव्हीएम-३ या रांगेत कुठे?

रांगेतच नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. इस्रोचं सर्वात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३ साडेत्रेचाळीस मीटर उंच, ६४० टनांचं. खालच्या कक्षेत ८ टन नेतं. चांद्रयान-३चं वजन ३.९ टन. ते सरळ चंद्राकडे फेकण्याची ताकद रॉकेटात नव्हती, म्हणून १४ जुलै २०२३ला ते लांबट कक्षेत सोडलं आणि यानाच्याच इंजिनाने दर फेरीत थोडं थोडं वर चढवलं. १ ऑगस्टला चंद्राकडे ढकललं, ५ला चंद्राच्या कक्षेत, २३ला दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीवर. अपोलो-११ला निघाल्यापासून उतरायला चार दिवस लागले, आपल्याला चाळीस. यंत्राला चाळीस दिवस चालतात. माणसाला तेवढं अन्न, हवा, पाणी द्यायचं तर वजन वाढत जातं, म्हणून माणसांसाठी मोठं रॉकेट टळत नाही.

१८ सप्टेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन गोष्टी एकाच दिवशी मंजूर केल्या. एक, नव्या पिढीचं प्रक्षेपणयान: ८,२४० कोटी रुपये, आठ वर्षांची मुदत, कक्षेत ३० टन, पहिला टप्पा परत येणारा. दोन, चंद्रावरची माती आणणारं चांद्रयान-४. मजा दुसऱ्यात आहे. ती मोहीम मोठ्या रॉकेटाची वाट बघत बसलेली नाही. यानाचे भाग दोन एलव्हीएम-३वर वाटून पाठवायचे आणि कक्षेत जोडायचे. त्यासाठीची रंगीत तालीम स्पेडेक्सने केली: १६ जानेवारी २०२५ला इस्रोने दोन लहान उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले. अहमदाबाद आपल्यापासून दोन तासांवर. तिथल्या पीआरएल या संशोधन संस्थेने चांद्रयान-३च्या रोव्हरवरचं मूलद्रव्यं ओळखणारं एक उपकरण बनवलं होतं, हेही मुलांना जरूर सांगा.

मग एकच मोठं रॉकेट बरं की अनेक लहान?

नासात १९६२ मध्ये हाच वाद रंगला होता. पृथ्वीच्या कक्षेत जोडाजोड करायची, अवाढव्य रॉकेटाने थेट उतरायचं, की चंद्राच्या कक्षेत यान ठेवून लहान लँडर खाली पाठवायचा? जॉन हूबोल्ट या इंजिनिअरने तिसऱ्या पर्यायासाठी वरिष्ठांना डावलून पत्रं लिहिली आणि तोच निवडला गेला. तेव्हा कोणी दोन यानं कक्षेत जोडून पाहिलेलीही नव्हती.

दोन-चार माणसांची भेट आणि परत, एवढंच हवं असेल तर मध्यम आकाराची दोन रॉकेटं पुरतात. तिथे राहायचं, यंत्रं न्यायची, बर्फ खणायचा तर टनावारी सामान लागेल, आणि मग इंधन भरण्याची भानगड आज ना उद्या शिकावीच लागेल.

श्रीहरिकोट्याला जाऊन उड्डाण बघता येतं का?

येतं. तिथे सामान्य लोकांसाठी मोकळी गॅलरी आहे, नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर, फुकट. पण ती उघडली की पटापट भरते. बडोद्याहून चेन्नईकडे जाणारी नवजीवन एक्स्प्रेस गुडूरवरून जाते. तिथून लोकलने सुल्लुरपेटा गाठायचं. ओळखपत्र विसरू नका. आणि परतीचं तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका, कारण तारीख पुढे ढकलली जाणं हा या धंद्याचा नित्यनेम आहे.